जुन्या मालमोटारीचा हौदा : बांधणी व रंगकाम

नीरा डाव्या कालव्यास १८८५ साली पाणी सुटले आणि बारामती व इंदापूर या पर्जन्यछायेतील तालुक्यांतून उसाचे मळे दिसू लागले. मळ्यांबरोबर मालाच्या ने-आणीचा प्रश्नही उभा राहिला. आरंभी तो बैलगाडीने सोडविला. गावचा सुतार बाभळीच्या लाकडाची साटी तयार करी, लोहार चाकावर धाव चढवी, आणि साटीची एखादी फळी कुजली तर ती बदलण्यासाठी शेतकऱ्यास शिवेबाहेर जावे लागत नसे. पुढे वालचंदनगरचा कारखाना झाला. १९५० नंतरच्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि रस्त्यांवर बैलगाडीच्या जोडीस मोटारी आल्या.

सामुदायिक विकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी झाला. त्यानंतरच्या वर्षांत विकास गटांमार्फत जीप गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. तिच्याच सांगाड्यावर मागील बाजूस उघडा हौदा बसवून पिकअप तयार झाली. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची तीनचाकी गाडी १९५८ साली निघाली व मॅटाडोर १९६९ साली. 'टेंपो' हे त्या कंपनीचे नाव मराठीत इतके रुळले की, आज कोणत्याही लहान मालमोटारीस टेंपो म्हणण्यात येते. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून खुद्द बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच ॲपे गाड्या तयार होत आहेत. तथापि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली वडिलांच्या काळची एखादी पिकअप किंवा मॅटाडोर अजूनही उभी असलेली दिसते. इंजिन चालू होते, गिअर पडतात, पाटेही ठीक असतात. परंतु हौद्यात पाय ठेवला की तळाचा पत्रा खाली दबतो.

इंजिनाची हयगय करणारा मालक विरळा. हौद्याची हयगय मात्र सर्रास होते, कारण हौदा सडला तरी गाडी चालतच राहते. खताच्या गोण्यांखाली, चिपाडांखाली, शेणाच्या थराखाली काय चालले आहे हे कोणी पाहात नाही. ज्या दिवशी गोणी उतरविणाऱ्या गड्याचा पाय तळातून आरपार जातो, किंवा भर रस्त्यात फाळक्याची कडी तुटून माल मागून येणाऱ्या दुचाकीपुढे पडतो, त्या दिवशी ते सर्वांच्या ध्यानात येते.

हौदा का सडतो

लोखंडास गंज चढण्यासाठी पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. त्यांत क्षार मिसळले की ही क्रिया कितीतरी वेगाने होते. या तालुक्यांत पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बेताचाच पडतो. मग हौदे इतके का सडावेत, असा प्रश्न साहजिकच पडेल. पाऊस कमी असला तरी हौद्यातील ओल कमी नसते. उसाच्या कांड्यांतून गळणारा रस पत्र्याच्या सांध्यांत मुरतो, आंबतो व आम्ल बनतो. पोटॅशचे खत हे क्लोराइड जातीचे क्षारच होत. फाटक्या गोणीतून सांडलेली मूठभर भुकटी कोपऱ्यात राहिली तर रात्रीच्या दवाने तिचे पाणी होते. अमोनियम सल्फेट ओलाव्यात आम्लता दाखविते. कोंबडीखत व कारखान्याची मळी ओल धरून ठेवतात. भिगवणच्या बाजारातून उजनीची मासळी नेणाऱ्या गाड्यांत बर्फाचे पाणी दिवसभर ठिबकत असते. कांद्याची सालपटे क्षुल्लक वाटतात, परंतु पाणी जाण्याची भोके बुजविण्याच्या कामी त्यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

याखेरीज एक कारण या भागाचे स्वतःचे आहे. कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने नीरा काठच्या पुष्कळ जमिनी क्षारपड झाल्या. या प्रश्नाच्या अभ्यासाची निकड जाणवल्यामुळेच १९३२ साली नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. जी माती उसाच्या मुळास जाचते तीच चाकाने उडून हौद्याच्या खालच्या अंगास चिकटते. वरचा रंग चकचकीत आणि खालचे चॅनल पोखरलेले, अशी स्थिती त्यामुळे येते. गाडी धुताना पाण्याचा झोत खालूनही मारावा, हा सल्ला लहान वाटला तरी त्याने हौद्याचे आयुष्य निश्चित वाढते.

उघडून पाहणे

दुरुस्तीच्या आरंभी हौदा गाडीवरून पूर्णपणे उतरवावा. जागच्या जागी ठिगळ लावण्याचा मोह टाळावा, कारण गंज बहुधा हौदा व चासी यांच्या मधल्या अरुंद जागेतच बसलेला असतो. उतरविण्यापूर्वी हौद्याची लांबी, रुंदी, फाळक्यांची उंची, बिजागऱ्यांची अंतरे व दिव्यांच्या तारांचा मार्ग वहीत टिपून ठेवावा. मूळ मापे हरवली म्हणजे मिस्त्री आपल्या अंदाजाने नवी मापे घेतो, आणि तो अंदाज पुढे नोंदणी कार्यालयात मालकास महागात पडतो.

उतरविलेला हौदा उपडा घालून छोट्या हातोडीने सर्वत्र ठोकून पाहावा. धड लोखंड खणखणते. सडलेले लोखंड बद्द आवाज करते. संशयाच्या जागी अणकुचीदार सळई दाबावी. ती आत गेली तर तेवढा भाग, आणि त्याभोवतीचा सुमारे एक इंच चांगला भागसुद्धा, कापून काढावा. गंजलेल्या काठावर वेल्डिंग धरत नाही. धरल्यासारखे दिसते एवढेच.

येथेच एका धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंधनाची टाकी हौद्याच्या खाली किंवा लगत असते. टाकी रिकामी केली म्हणजे भीती गेली, असा समज खेड्यांतून आढळतो. तो सर्वथा चुकीचा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण अधिक असते, आणि वेल्डिंगची एक ठिणगी त्याचा स्फोट घडविण्यास पुरेशी होते. टाकी गाडीवरून सोडवून दूर न्यावी. टाकीलाच भोक पडले असल्यास त्यावर गावात वेल्डिंग करू नये. चासीवर काही काम करावयाचे असल्यास बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्यात, जवळ वाळूची बादली व अग्निशामक असावा, आणि गवताची गंजी किंवा कडब्याची बुचाडे ज्या खळ्यात आहेत तेथे हे काम मुळीच करू नये.

तळ लाकडाचा की पत्र्याचा?

जुन्या पिकअप गाड्यांचे तळ पुष्कळदा लाकडी फळ्यांचे असत. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातच हौदा बसविलेली पिकअप विकावयास काढली. त्यानंतर तिकडील अनेक गाड्यांत फळ्या व त्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या हीच रचना दीर्घकाळ टिकून होती. ती मागासलेली म्हणून हसण्यासारखी नाही. फळी कुजली तर एकटीच बदलता येते, तिच्यावर पेटी किंवा कॅन घसरत नाही, आणि उन्हात ती पत्र्याइतकी तापत नाही. डाळिंबाचे वा द्राक्षांचे क्रेट नेणाऱ्यास या शेवटच्या गुणाचे मोल विशेष कळेल.

वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल ८ फूट लांब व ५ फूट रुंद तळ धरू. त्याचे क्षेत्र ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर होते. २ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे १४ गेजी पत्रा वापरल्यास त्याचे वजन सुमारे ५८ किलो भरते. ३ मिलिमीटरचा पत्रा घातला तर ते ८७ किलोवर जाते. एक इंच जाडीच्या सुक्या सागवानी फळ्यांचे वजन ६० किलोच्या आसपास, म्हणजे २ मिलिमीटर पत्र्याइतकेच येते. बाभूळ त्याहून जड, परंतु मारास चिवट. तेव्हा लाकडी तळ म्हणजे जड तळ, ही समजूत खरी नव्हे. उलट 'मजबुती' म्हणून जो मालक जाड पत्र्यावर आणखी एक पत्रा चढवितो, तो प्रत्येक खेपेस तेवढा माल कमी नेतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठविण्याची सोय करून ठेवतो.

खत, मळी, शेण, मासळी अशा ओल्या मालासाठी मात्र पत्र्याचा तळ बरा, कारण तो धुता येतो. क्रेट, पोती, अवजारे व जनावरे यांच्यासाठी फळ्या बऱ्या.

फळ्या निवडताना लाकूड पूर्ण वाळलेले आहे हे पाहावे. ओल्या बाभळीच्या फळ्या बसविल्यास दोन महिन्यांत त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. बाभळीत टॅनिन पुष्कळ असते. तिची साल कातडी कमावण्यास वापरतात ती याच कारणामुळे. ओल्या बाभळीस लोखंड लागले की लाकूड काळेनिळे पडते व बोल्ट झिजू लागतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावेत आणि फळी जेथे लोखंडावर टेकते तेथे दोन्ही अंगांस डांबरी रंगाचा हात द्यावा. फळीची वरची व खालची बाजू, चारही कडा, आणि विशेषतः दोन्ही टोके जवसाच्या उकळलेल्या तेलाने चांगली पिऊ द्यावीत. लाकूड पाणी पिते ते टोकांकडून, हे सुतारास सांगावे लागत नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्यास मात्र सांगावे लागते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या उन्हात सुट्या पसराव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जोडकाम

प्रथम चौकट तयार करावी. उभे व आडवे चॅनल मांडून टाके घातल्यावर दोन्ही कर्ण मापावेत. वर धरलेल्या मापाच्या तळाचा कर्ण ९ फूट सव्वापाच इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. हे माप न घेता पुरे वेल्डिंग केले तर मागचा फाळका जन्मभर एका बाजूस अडकत राहतो आणि प्रत्येक वेळी लाथ मारून लावावा लागतो. असे फाळके पुष्कळ पाहावयास मिळतात.

पत्र्याचे वेल्डिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढत नेऊ नये. उष्णतेने पत्रा फुगतो व त्याला पोट येते. थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ देऊन, असे काम करावे. मात्र शेवटी कोठेही उघडी फट राहता कामा नये. जेथे सलग वेल्डिंग शक्य नाही तेथे सांधा मसाल्याने बुजवावा. चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाची भोके पाणी जाण्यासाठी ठेवावीत. जस्ताचा पत्रा वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर अंगात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. म्हणून असे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून व सांध्यालगतचे जस्त आधी घासून काढूनच करावे.

हौदा चासीवर बसविताना त्यास वेल्डिंगने डागू नये. खडबडीत रस्त्यावर चासी थोडी पिळवटते आणि तिने पिळवटलेच पाहिजे. हौदा तिला घट्ट डागला तर तडा कोठेतरी जाणारच, आणि तो चासीत गेला म्हणजे गाडी मोडीत गेली. दोहोंच्या मध्ये कठीण लाकडाची किंवा रबराची पट्टी ठेवून यू-बोल्टने हौदा आवळावा. चासीच्या वरच्या व खालच्या काठाला नवी भोके पाडू नयेत. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पट्टी दबते, तेव्हा बोल्ट पुन्हा आवळण्यास विसरू नये.

रंग

रंग हा हौद्याचा दागिना नसून त्याचे कातडे होय. ते पक्के बसणे हे खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. डब्यावरील नावावर नव्हे. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढावा, तेलकटपणा प्रथम साबणाच्या पाण्याने व नंतर टर्पेंटाइनने पुसावा आणि काचकागदाने घासावे. जुना रंग असल्यास त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. पूर्वीच्या तांबड्या व पिवळ्या रंगांत शिसे सर्रास असे. भारतात शिशावर मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला, तोही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता. म्हणून जुना रंग ओला करून घासावा, नाकावर चांगला मुखवटा बांधावा, मुलांना जवळ फिरकू देऊ नये आणि खरवड जनावरांच्या चाऱ्याच्या जागी पडू देऊ नये. शिसे जनावरांच्याही पोटात गेल्यास घातक ठरते.

घासून उघडे केलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. दवाने त्यावर पहाटेच तांबूस झाक येते. त्याच दिवशी अस्तराचा पहिला हात द्यावा. अस्तरासाठी झिंक फॉस्फेटचे प्रायमर उत्तम. नुसत्या रेड ऑक्साईडचा हात देऊन गाडी महिनोन् महिने चालविणे ही बचत नव्हे. अस्तर सच्छिद्र असते व त्यातून पाणी आत जाते. दुसऱ्या हातापूर्वी खड्डे लांबीने भरावेत. परंतु लांबी ही खड्डा झाकण्यासाठी असते, भोक बुजविण्यासाठी नसते. लांबीने बुजविलेले भोक विकत घेणाऱ्यास फसविते आणि वापरणाऱ्यास दगा देते.

रंग किती लागेल? वरील मापाच्या हौद्याचे फाळके दीड फूट उंच धरले, तर सर्व अंगे व चॅनल मिळून सुमारे १७ चौरस मीटर क्षेत्र होते. एका लिटरमध्ये ९ ते १० चौरस मीटर एक हात बसतो. म्हणजे एका हातास पावणेदोन ते दोन लिटर, आणि अस्तराचे दोन व रंगाचे दोन हात धरल्यास प्रत्येकी साडेतीन ते चार लिटर पुरतात. खालच्या अंगास रंगाऐवजी डांबरी लेप दिला तरी चालेल.

वेळ साधणे महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढरट पडतो. वैशाखाच्या उन्हात पत्रा इतका तापतो की रंग पसरण्यापूर्वीच आळतो, शिवाय वावटळी धूळ आणतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यानचे कोरडे दिवस सर्वांत चांगले; आणि गळीत हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वीचा अवकाशही तेव्हाच मिळतो. खंडेनवमीस वाहनाची पूजा होते. नवा रंग तोवर वाळावा अशी मालकाची इच्छा असतेच. दव पूर्ण उडाल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास आरंभ करावा आणि दुपारी चारनंतर ब्रश खाली ठेवावा. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर हौद्यात खत भरू नये.

हौद्यावर काय लिहावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ग्रामदैवताचे नाव, आईवडिलांचे आशीर्वाद, मुलांची नावे हे सर्व चालते. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द मात्र महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मालवाहू गाड्यांवर लिहिण्यास मनाई केली, कारण त्यांमुळे विनाकारण भोंगे वाजतात. त्या जागेचा अधिक चांगला उपयोग आहे : मागे तांबडी व पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या गाड्यांची रीघ लागते, आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती-इंदापूर मार्गाने दिंड्यांच्या मालमोटारी जातात. अशा वेळी मागील चालकास समोरचा हौदा दिसतो तो या पट्टीमुळेच.

नोंदणीचे काम

ग्रामसेवकांस याबाबत वारंवार विचारणा होते, म्हणून दोन शब्द. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. हौदा लांब केला, फाळके उंच केले, तर तो बदल ठरतो. रंग बदलल्यास तोही परिवहन कार्यालयास कळवून नोंदवून घ्यावा. बारामतीच्या कार्यालयाचा संकेतांक एमएच ४२ आहे व इंदापूर तालुका त्याच कार्यालयाकडे येतो. मालाच्या हौद्यातून माणसे नेणे बेकायदेशीर आहे. लग्नाचे वऱ्हाड किंवा ऊसतोड मजूर असले म्हणून त्यास अपवाद नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी देण्याचा केंद्राचा नियम २०२१ साली झाला. त्यासाठी चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणून ज्यास तशी नोंदणी हवी आहे त्याने हौदा मूळ मापाचा व मूळ धाटणीचाच बांधावा. परंतु अशी गाडी रोजच्या वापरास किंवा व्यापारी वाहतुकीस रस्त्यावर आणता येत नाही. ज्यास ऊस, खत किंवा डाळिंबे न्यावयाची आहेत त्याने नेहमीची नोंदणी व योग्यता प्रमाणपत्र यांचाच मार्ग धरावा. सरकारी गाड्यांच्या बाबतीत तर पंधरा वर्षांवरील नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालत नाही. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांच्या आवारातील जुन्या जीप गाड्यांचा प्रश्न तेथेच मिटला.

हौदा चढवून, दिवे जोडून, फाळक्यांच्या कड्या व साखळ्या तपासून झाल्यावर गाडी रिकामीच जवळच्या वजनकाट्यावर न्यावी व त्या वजनाची पावती नोंदणीपत्राशेजारी ठेवावी. नोंदणीपत्रातील एकूण वजनातून हा नवा आकडा वजा केला म्हणजे त्या हौद्यात किती किलो माल भरावयाचा ते मिळते. तो आकडा नव्या फाळक्याच्या आतील बाजूस, रंग ओला असतानाच, पांढऱ्या अक्षरांत लिहून घ्यावा.